तुळशीच्या अर्काने प्लेटमधले बॅक्टेरिया मेले, मग काढा पिऊन माझं इन्फेक्शन जाईल का?

गेल्या आठवड्यात मावशीचा मेसेज आला, "अगं तू मायक्रोबायोलॉजीवाली ना, हे खरं आहे का तेवढं सांग." खाली फॉरवर्ड. तुळस, कडुनिंब, हळद आणि आवळा यांच्या अर्कात जबरदस्त ॲंटीऑक्सिडंट आणि ॲंटीबॅक्टेरियल गुण सापडले, लॅबमधे सिद्ध झालं, आता गोळ्या बंद करा. मावशीला लघवीचं इन्फेक्शन झालेलं आणि ॲंटीबायोटिकचा कोर्स अर्धा झालेला, म्हणून मी लगेच फोन केला आणि पहिलं वाक्य हेच बोलले की मावशी गोळ्या पूर्ण कर, बाकीचं नंतर सांगते. ते "बाकीचं" म्हणजे हा लेख.

यातली गंमत अशी की फॉरवर्डमधला पहिला अर्धा भाग खोटा नाहीये. तुळशीच्या अर्काने बॅक्टेरिया खरंच मरतात, मी स्वतः एमएस्सीच्या प्रोजेक्टला ते केलंय आणि डोळ्यांनी बघितलंय. घोटाळा आहे तो "लॅबमधे मेले" पासून "गोळ्या बंद करा" पर्यंत मारलेल्या उडीत. मधे किती पायऱ्या आहेत ते एकदा कळलं ना की असा प्रत्येक फॉरवर्ड तुमचा तुम्हालाच वाचता येतो.

अर्क म्हणजे नक्की काय

वनस्पतीतली द्रव्यं कशात तरी विरघळवून बाहेर काढली की झाला अर्क. आपण चहा करतो तो पाण्यातला अर्क, काढा पण तोच. लॅबमधे मात्र बऱ्याचदा मिथेनॉल, इथेनॉल किंवा हेक्झेन वापरतात, कारण काही द्रव्यं पाण्यात उतरतच नाहीत. हळदीचा पिवळा डाग पाण्याने जात नाही, तेलाचा हात लावला की सुटतो, तसंच. हळदीतलं करक्युमिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही. त्यामुळे पेपरमधे "मिथेनॉल अर्क" लिहिलं असेल तर त्यात जे उतरलंय ते तुमच्या काढ्यात असेलच असं धरून चालता येत नाही. पहिली पायरी इथेच निसटते.

आणि झाडं ही द्रव्यं आपल्यासाठी बनवत नाहीत. झाडाला पळता येत नाही, मग बुरशी, किडे, ऊन या सगळ्यांशी जागच्या जागी उभं राहून लढायचं तर रसायनंच हवीत. आवळ्याचा, हिरड्याचा, कच्च्या केळ्याचा तुरटपणा म्हणजे टॅनिन, ते प्रथिनांना चिकटतं, म्हणून तर तोंड आखडतं. झाडाकडे बॅक्टेरियाविरुद्ध हत्यारं असणं यात आश्चर्य काहीच नाही.

ॲंटीऑक्सिडंट म्हणजे जस्ताचा मुलामा

दिवाळीचा चिवडा महिनाभर राहिला की खवट होतो, कापलेलं वांगं काळं पडतं, पत्रा गंजतो. तिन्हीकडे ऑक्सिजनची करणी आहे, म्हणजे ऑक्सिडेशन. शरीरातही हे चालू असतं, त्यातून फ्री रॅडिकल नावाचे कण तयार होतात. इलेक्ट्रॉन एरवी जोडीने राहतात, फ्री रॅडिकलमधे एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेला असतो आणि तो शेजाऱ्याचा ओढून घ्यायला बघतो, मग शेजाऱ्याचं तेच होतं, अशी साखळी. तेल खवट होतं ते अशाच साखळीने. ॲंटीऑक्सिडंट म्हणजे स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन ती साखळी थांबवणारा. गॅल्वनाइज्ड पत्र्यावर जस्ताचा थर असतो बघा, तो स्वतः झिजतो आणि आतलं लोखंड वाचवतो.

आता हे मोजतात कसं? सगळ्यात लाडकी टेस्ट म्हणजे डीपीपीएच, १९५८ पासून चालत आलेली. डीपीपीएच हे गडद जांभळं रसायन आहे, मुळात स्वतःच एक फ्री रॅडिकल. त्यात अर्क टाकायचा, जांभळा रंग जाऊन पिवळा आला की ॲंटीऑक्सिडंट आहे असं समजायचं. स्वस्त टेस्ट, अर्ध्या तासात रिझल्ट, म्हणून देशभरातल्या कॉलेजांत हजारो प्रोजेक्ट याच्यावर होतात. पण कडक चहासुद्धा तो रंग घालवतो, कॉफी पण घालवते. तुरट चवीची वनस्पती घ्या, रंग जाणारच! म्हणजे ही टेस्ट फक्त एवढंच सांगते की या अर्काकडे द्यायला इलेक्ट्रॉन आहेत. ते पोटातून रक्तात जातात का, गेल्यावर टिकतात का, पेशीत पोचतात का, यातलं काहीही त्या नळीला माहीत नसतं.

अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांची अशीच एक ॲंटीऑक्सिडंट आकड्यांची यादी वेबसाइटवर ठेवली होती, ती त्यांनी २०१२ मधे काढून टाकली, कारण कंपन्या ते आकडे जाहिरातीत वापरत होत्या आणि नळीतल्या आकड्यांचा माणसाच्या तब्येतीशी संबंध लागत नव्हता.

मग जास्त ॲंटीऑक्सिडंट घेतले तर नुकसान तर नाही ना?

हे करून बघितलंय, मोठ्या प्रमाणावर बघितलंय. फिनलंडमधे सिगरेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर अभ्यास झाला. त्यात काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन दिलं, म्हणजे गाजरातलं तेच नारिंगी ॲंटीऑक्सिडंट, पण गोळीतून. अपेक्षा अशी की फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल. १९९४ मधे निकाल आला तर बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत कॅन्सर १८ टक्के जास्त. अमेरिकेतल्या दुसऱ्या अभ्यासात बीटा कॅरोटीनबरोबर व्हिटॅमिन ए पण होतं, तिथे २८ टक्के जास्त निघाला आणि १९९६ मधे तो अभ्यास ठरलेल्या वेळेच्या २१ महिने आधी थांबवावा लागला. मला कॉलेजमधे हे पहिल्यांदा शिकवलं तेव्हा मी पुस्तकातला आकडा दोनदा वाचला होता.

फ्री रॅडिकल म्हणजे नुसते व्हिलन नसतात हेही ध्यानात घ्यायला हवं. आपल्या पांढऱ्या पेशी बॅक्टेरिया गिळल्यावर त्यांना मारायला हेच कण मुद्दाम तयार करतात. आणि त्यांच्यावर लगाम ठेवायला शरीराची स्वतःची यंत्रणा आहे, त्यातलं एक एन्झाइम म्हणजे कॅटलेज. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकल्यावर फेस येतो ना, तो कॅटलेजमुळेच येतो.

याचा अर्थ आवळा खाऊ नका असा मुळीच नाही. भाज्या, फळं, आवळा खाणं चांगलंच आहे, कांदेपोह्यांवर लिंबू पिळतो ते तर फार उपयोगाचं, कारण लिंबातलं व्हिटॅमिन सी पोह्यातल्या लोहाला इलेक्ट्रॉन देतं आणि ते लोह आतड्यात शोषलं जाणं सोपं होतं. ॲंटीऑक्सिडंटचं खरंखुरं काम, तेही आपल्या ताटात. फक्त ताटातल्या लिंबावरून डब्यातल्या कॅप्सूलपर्यंत उडी मारू नका.

प्लेटमधला गोल आणि वड्याचं तेल

आता बॅक्टेरियाकडे येऊ. टेस्ट अशी असते. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बशीत अगार ओततात, खरवसासारखं घट्ट होतं ते. त्यावर बॅक्टेरिया पसरायचे, मग ६ मिलिमीटरची कागदी टिकली अर्कात बुडवून वर ठेवायची आणि रात्रभर ३७ डिग्रीला ठेवून द्यायचं. सकाळी सगळीकडे बॅक्टेरियाची साय आलेली असते आणि टिकलीभोवती एक स्वच्छ गोल. तो गोल मोजायचा.

माझ्या प्रोजेक्टमधे तुळशीच्या अर्काने १४ मिलिमीटरचा गोल दिला होता, मी घरी फोटो पाठवला होता, आईने तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मग व्हायव्हाच्या वेळी बाहेरून आलेल्या मॅडमनी शांतपणे विचारलं, नुसत्या मिथेनॉलची टिकली ठेवली होती का? नव्हती ठेवली. मिथेनॉल स्वतःच बॅक्टेरिया मारतं, ते टिकलीवरून पूर्ण उडालं नसेल तर गोल तुळशीचा की मिथेनॉलचा, कोण सांगणार? मला सगळं पुन्हा करावं लागलं आणि गोल १० वर आला. त्या १० मधे टिकलीचे स्वतःचे ६ धरलेले असतात, म्हणजे दोन्ही बाजूंना प्रत्येकी २ मिलिमीटर. तेव्हापासून मी कुठलाही पेपर उघडला की आधी ती कोरी टिकली शोधते.

आणि मोठा गोल म्हणजे जास्त ताकद असंही नाही. वडापाव कागदावर ठेवला की भोवती तेलाचा डाग पसरतो, पातळ तेल लांब पसरतं, दाट तूप जागच्या जागी थिजतं. तसं काही द्रव्य अगारमधे सहज पसरतात, काही चांगली जहाल असूनही टिकलीपाशीच अडकून बसतात. म्हणून पुढची टेस्ट करायची, की बॅक्टेरियाची वाढ थांबायला कमीत कमी किती मात्रा लागते. याला एमआयसी म्हणतात. लेखातला एकच तांत्रिक शब्द लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा.

खरी गोष्ट मात्रेची आहे

ई. कोलाय हा लघवीच्या इन्फेक्शनचा नेहमीचा बॅक्टेरिया. तो सिप्रोफ्लॉक्सासिन (थोडक्यात सिप्रो) या ॲंटीबायोटिकला दाद देतो असं लॅब कधी म्हणते, तर एमआयसी दर मिलिलिटरला ०.२५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी असेल तर. वनस्पतींच्या कच्च्या अर्कांची एमआयसी बरेचदा मिलिग्रॅममधे असते. समजा ५ मिलिग्रॅम, म्हणजे ५००० मायक्रोग्रॅम. वीस हजार पट!

हे पोटातून घ्यायचं म्हटलं तर हिशोब करून बघा. अंगात रक्त साधारण ५ लिटर, दर लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे एका वेळी २५ ग्रॅम वाळवलेला अर्क रक्तात तरंगत हवा. आणि औषध काही फक्त रक्तात थांबत नाही, शरीरातल्या साधारण ३५ लिटर पाण्यात पसरलं तर १७५ ग्रॅम. हे पानांचं वजन नाही बरं, पानांमधून काढून वाळवलेल्या अर्काचं. तेही सगळंच्या सगळं शोषलं गेलं, लिव्हरने काहीच मोडलं नाही असं धरून. काढ्याच्या कपात हे बसत नाही.

यावर कोणी म्हणेल की ही तुलना बरोबर नाही, सिप्रो शुद्ध आहे आणि अर्कात शेकडो द्रव्यं मिसळलेली आहेत. अगदी बरोबर आहे हे. अर्कातलं कामाचं द्रव्य हजारात एक भाग असेल तर ५००० मायक्रोग्रॅम कच्च्या अर्कात ते फक्त ५ मायक्रोग्रॅम झालं, आणि ५ हा काही वाईट आकडा नाही. म्हणूनच तर हे संशोधन चालू ठेवायला हवं. पण ते द्रव्य आधी शोधून, वेगळं काढून, तपासायला लागेल, कपातल्या काढ्यात ते आपोआप वेगळं होणार नाही.

हळदीचंच बघा. हळदीत करक्युमिन साधारण ३ टक्के. १९९८ मधे बंगळुरूला माणसांवर एक प्रयोग झाला, २ ग्रॅम शुद्ध करक्युमिन दिलं, म्हणजे साठ-सत्तर ग्रॅम हळदीत असतं तेवढं, तरी रक्तात जेमतेम सापडलं. बरोबर २० मिलिग्रॅम पिपरिन दिलं, म्हणजे मिऱ्यातलं तिखट द्रव्य, तर शोषण २००० टक्क्यांनी वाढलं. दुधात मिरी घाला हा सल्ला इथूनच पसरला. पण पिपरिन नुसतं हळदीसाठी दार उघडत नाही, ते शरीराची औषधं बाहेर काढायची यंत्रणाच मंद करतं, त्यामुळे चालू असलेल्या दुसऱ्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण पण वाढू शकतं. शिवाय करक्युमिन रंगीत आहे, चिकट आहे, प्रकाशात चमकतं, त्यामुळे रंगावर चालणाऱ्या लॅब टेस्टना ते हमखास फसवतं. रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मधे शंभरावर मानवी चाचण्यांचा आढावा घेतला, त्यात डबल ब्लाइंड पद्धतीने, म्हणजे खरं औषध कोणाला दिलंय हे रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही माहीत नसताना, यशस्वी ठरलेली एकही त्यांना सापडली नाही.

पण आजी तर लावायचीच की हळद

लावायची, आणि त्यात तथ्य आहे. खरचटलेल्या गुडघ्यावर चिमूटभर हळद दाबली की त्या जागेवर मात्रा प्रचंड होते, तिला रक्तातून प्रवास करायचा नसतो. दाढ दुखली की लवंग धरतो तेही तसंच, लवंगेतलं युजेनॉल थेट दाढेपाशी असतं, दातांचे डॉक्टर आजही झिंक ऑक्साइडमधे युजेनॉल कालवून तात्पुरतं सिमेंट भरतात. लोणच्यात मोहरी, हळद, मीठ, तेल सगळं मिळून बुरशीला थोपवून धरतं. जिथे वनस्पती आणि जंतू आमनेसामने येतात तिथे प्लेटमधला रिझल्ट थोडाफार खरा ठरतो. मूत्रपिंडात, फुप्फुसात, डायबेटिसवाल्याच्या पायात आतपर्यंत गेलेल्या जखमेत मात्र नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी पायाच्या बोटाची जखम तीन आठवडे कडुनिंबाच्या पाण्याने धुतली, डॉक्टरांची गोळी "उष्ण पडते" म्हणून सोडली. शेवटी बोट काढावं लागलं. कडुनिंबाने काही वाईट केलं नाही, पण तीन आठवडे गेले ना.

अनेकजण म्हणतात की हळदीचं पेटंट आपण अमेरिकेकडून परत मिळवलं, म्हणजे सिद्ध झालंच की. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट तिथे १९९५ मधे दिलं गेलं होतं, सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असताना जुन्या ग्रंथांचे आणि लेखांचे दाखले देऊन ते १९९७ मधे रद्द करवलं. अभिमानाचीच गोष्ट. पण तिथे सिद्ध काय झालं, तर हे ज्ञान जुनं आहे, नवा शोध नाही. किती गुण येतो हा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच.

मग वनस्पतींतून औषधं येतच नाहीत का?

येतात, आणि काय काय आली आहेत! आपल्या मुंबईतच डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळाचा ब्लड प्रेशरवर किती परिणाम होतो हे रुग्णांना देऊन, मोजून, १९४९ मधे ब्रिटिश हार्ट जर्नलमधे छापलं. १९५२ मधे त्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं निघालं आणि जगभर वापरलं गेलं.

चीनमधल्या तू योयो यांची गोष्ट तर काढा पिणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी. मलेरियावर औषध शोधताना त्यांच्या टीमने एका दवण्याच्या जातीच्या झाडाचे अर्क काढले, रिझल्ट कधी यायचे कधी नाही. मग चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथात एक ओळ सापडली, मूठभर पाला पाण्यात भिजवा, पिळा आणि रस प्या. उकळा असं म्हटलंच नव्हतं! उष्णतेने द्रव्य बिघडत असणार हे त्यांच्या डोक्यात आलं, त्यांनी ईथर वापरून कमी तापमानाला अर्क काढला आणि आर्टेमिसिनिन मिळालं, २०१५ चं नोबेल. जुना ग्रंथ खरा ठरला, पण तो बारकाईने वाचून, तपासून. आणि हे औषध मलेरियाच्या परजीवीला मारतं ते चक्क फ्री रॅडिकल तयार करून, म्हणजे ॲंटीऑक्सिडंटच्या बरोबर उलट काम.

कोणी म्हणेल पेनिसिलीन पण प्लेटवरच सापडलं होतं. हो, १९२८ मधे. पण १९४० मधे ऑक्सफर्डला आठ उंदरांना जंतू टोचून त्यातल्या चौघांना पेनिसिलीन दिलं, चौघे जगले, बाकीचे चार मेले, आणि तिथून पुढे १९४१ मधे ते माणसापर्यंत आलं. प्लेट ते माणूस, तेरा वर्षं.

ॲंटीबायोटिक चालेनाशी झालीत, मग हाच उपाय ना?

ही काळजी खरी आहे. औषधांना दाद न देणाऱ्या बॅक्टेरियामुळे २०१९ मधे जगात अंदाजे १२.७ लाख माणसं गेली. आणि वनस्पतींमधे इथे खरंच काहीतरी आहे. रसांजन जिच्यापासून करतात त्या दारुहळदीत बर्बेरिन नावाचं द्रव्य असतं. बर्बेरिन एकटं बॅक्टेरियावर फारसं चालत नाही, कारण स्टॅफिलोकॉकस नावाच्या बॅक्टेरियाकडे एक पंप असतो, आत आलेलं बर्बेरिन तो बाहेर फेकतो, होडीतलं पाणी उपसावं तसं. २००० मधे संशोधकांना असं दिसलं की दारुहळदीच्या अमेरिकेतल्या भावंडांमधे आणखी एक द्रव्य आहे, ते स्वतः काहीच मारत नाही पण तो पंप बंद पाडतं, मग बर्बेरिन आत साचून काम करतं. माझ्या मते वनस्पतींकडून शिकायचं ते हे. ई. कोलायसारख्या बॅक्टेरियाला तर त्यावर आणखी एक बाहेरची भिंत असते, बंगल्याला कंपाउंड असावं तशी, म्हणून पेपरांमधे बहुतेक अर्क स्टॅफिलोकॉकसवर चालतात आणि ई. कोलायवर ढेपाळतात. मावशीचा जंतू नेमका दुसऱ्या गटातला.

निसर्गातलं आहे तर साइड इफेक्ट कसा?

कण्हेरही निसर्गातलीच आहे. कोविडच्या काळात, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मधे, मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीचे काढे किंवा गोळ्या घेणाऱ्या सहा जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की ती वनस्पती नक्की गुळवेलच होती का, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असते. आक्षेप रास्त आहे, पण मग पुडीतलं गुळवेल कुठलं हे आपल्याला तरी कुठे माहीत असतं? हळदीच्या कॅप्सूलमुळे लिव्हरला इजा झालेल्या १० केसेस अमेरिकेत २००४ ते २०२२ मधे एका नेटवर्कने नोंदवल्या, त्यातला एक रुग्ण दगावला, आणि ज्या डब्यांची तपासणी झाली त्यातल्या काहींत मिरीचं पिपरिनही होतं. भाजीतल्या हळदीने असं होत नाही, इथेही प्रश्न मात्रेचाच.

मावशीने गोळ्या पूर्ण केल्या, लघवीचं कल्चर, म्हणजे लघवीत जंतू वाढतात का बघायची टेस्ट, पुन्हा केलं, स्वच्छ आलं. तुळशीचा चहा ती सकाळी घेतेच, घेऊ दे, छान लागतो. तिला एवढंच सांगितलंय की पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना काढ्याची पुडी, चूर्णाची बाटली सगळं पिशवीत घालून ने, किती चमचे आणि कधीपासून घेतेस तेही सांग, ते रागावतील म्हणून लपवू नकोस. रक्त पातळ करायच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर हे कधीच विसरू नये.